विद्यापीठात पाहुणा लेखक आला की त्याचं करायचं काय?

नदीकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. मध्यंतरी इथे विद्यापीठांमधल्या 'लेखक आपल्या भेटीला' छाप कार्यक्रमांवर जोरदार काथ्याकूट झाला आणि सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मी तेव्हा वाचनमात्र होते. आता सविस्तर लिहिते, कारण मी राहते त्या गावात हाच उद्योग अनेक दशकं चाललाय आणि मला तो दर हिवाळ्याच्या तोंडावर फुकटात बघायला मिळतो.

गाव म्हणजे अमेरिकेतलं आयोवा सिटी. चहूकडे मका आणि सोयाबीन, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, मधोमध नदी आणि नदीच्या दोन्ही काठांवर विद्यापीठ. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो तेव्हा मला या गावाबद्दल शून्य माहिती होती. २००८ मध्ये युनेस्कोने याला साहित्यनगरी ठरवलंय हे मला इथल्या बसथांब्यावर कळलं.

थोडा इतिहास, कंटाळा आला तर पुढे सरका. या विद्यापीठाने १९२२ मध्येच ठरवलं की पदवीसाठी प्रबंधाऐवजी कथा, कविता, नाटक दिलं तरी चालेल. १९३६ मध्ये 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झालं. ते तिथल्या विद्यार्थ्यांसाठी, रीतसर पदवीचं. पाहुण्यांचं प्रकरण वेगळं आहे. ते १९६७ मध्ये कवी पॉल एंगल आणि चिनी लेखिका ह्वालिंग निए यांनी सुरू केलं : इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम. जगभरातून लेखक शरद ऋतूत दोन-तीन महिने इथे येऊन राहतात; २०२५ आधी साधारण तीसेक असत. आजवर १६०० हून जास्त येऊन गेलेत. ओरहान पामुक १९८५ मध्ये, हान कांग १९९८ मध्ये, मो यान २००४ मध्ये. तिघांनाही नोबेल पुढे मिळालं, येताना तिघांकडेही नव्हतं. आपले दिलीप चित्रे १९७५ पासून दोनेक वर्षं इथे होते. शंख घोष, निर्मल वर्मा, जयंत महापात्र, अरविंद कृष्ण मेहरोत्रा हेही येऊन गेले.

आता मुद्द्याचं. हे लोक इथे करतात काय? बहुतांश वेळ काहीही नाही. लिहितात, झोपतात, नदीकाठी फिरतात, एकमेकांशी भांडतात. विद्यापीठ त्यांच्याकडून अगदी थोडं मागतं. शुक्रवारी दुपारी गावच्या सार्वजनिक वाचनालयात तीन-चार जणांचं चर्चासत्र, डबा खात खात ऐकायचं. शुक्रवारी संध्याकाळी शँबॉ हाउस नावाच्या जुन्या घरात वाचन. रविवारी चारला 'प्रेअरी लाइट्स' या पुस्तकांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, पुन्हा वाचन. शिवाय विद्यार्थ्यांचा एक तास आणि अनुवादाची कार्यशाळा.

रविवारचं वाचन कसं असतं ते सांगते. घडीच्या खुर्च्या, शेजारी कॉफीचं मशीन फुसफुसतंय. दुकानातली बाई उठते, दोन वाक्यांत ओळख करून देते, बसते. लेखक उभा राहतो आणि वाचायला लागतो. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं. एक बाहेरचा पाहुणा आणि त्याच्या जोडीला बहुधा इथलाच एखादा विद्यार्थी-लेखक. मग प्रश्न, मग खाली जाऊन पुस्तक विकत घ्यायचं. पाचला सगळे घरी. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, आभार नाहीत. पहिल्या खेपेला मला वाटलं, अजून कार्यक्रम सुरूच व्हायचाय.

तर प्रश्न असा : यातलं आपल्या विद्यापीठांना काय उचलता येईल? पैसे नाहीत हे गृहीत धरून बोला.

तिसरा_बाक

लेख आवडला, पण मूळ गृहीतकच पटत नाही. लिहायला शिकवता येतं का? तुकोबांनी कुठली कार्यशाळा केली होती? विद्यापीठात लेखक नेऊन बसवला की त्याचा प्राध्यापक होतो आणि विद्यार्थ्यांचे त्याच्या छापाचे गणपती होतात. अमेरिकेतल्या कथा आजकाल सगळ्या सारख्या वाटतात त्याचं कारण हेच.

नदीकाठ

@तिसरा_बाक, योगायोग बघा, तुकोबांना इंग्रजीत नेणारे चित्रे इथेच राहून गेले. :)

गंमत सोडा. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. पदवीचं वर्कशॉप वेगळं, पाहुणे वेगळे. पाहुण्यांना कोणी शिकवत नाही आणि तेही फारसं शिकवत नाहीत.

वर्कशॉपबद्दलचा तुमचा आक्षेप इथेही जुनाच आहे. पद्धत अशी की तुमची कथा आधी सगळ्यांना वाटतात, मग दहा-बारा जण टेबलाभोवती बसून तिची चिरफाड करतात आणि लेखकाने तोंडातून ब्र काढायचा नाही. काहींना ते मानवतं. मेक्सिकन-अमेरिकन लेखिका सँड्रा सिस्नेरोस १९७० च्या दशकात इथे शिकल्या. टेबलाभोवतीच्या कुणाचंच घर आपल्या घरासारखं नाही, तर आपण आपल्याच गल्लीबद्दल लिहायचं, हे त्यांनी त्या वर्गातल्या परकेपणातून ठरवलं. म्हणजे वर्गाचा उपयोग झाला, पण वर्गाला अभिप्रेत होता तसा नव्हे. उलट उदाहरण कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांचं. १९४५ मध्ये त्या पत्रकारिता शिकायला आल्या. तेव्हाचे वर्कशॉपप्रमुख एंगल यांच्या खोलीत गेल्या तर त्यांचं जॉर्जियाचं दक्षिणी बोलणं एंगलना कळेना. शेवटी एंगलनी कागद पुढे केला आणि ओ'कॉनर यांनी लिहून दिलं की मला तुमच्या वर्कशॉपमध्ये यायचंय. अशा मुलीला छापाचा गणपती करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

निवृत्त_मास्तर

नदीकाठताई, लेख वाचून बरे वाटले. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मराठी शिकवत असे. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण तसे पाहता ते कुठलेही असू शकते.

आमच्या वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला एकदा एक चांगला कवी आला. पहाटेच्या एसटीने. आम्ही दहाची वेळ दिली होती. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सभागृहात आणून बसवली होती, कारण खुर्च्या रिकाम्या दिसलेल्या सचिवांना चालत नसत. सचिव साडेअकराला आले. दीपप्रज्वलन सुरू झाले तर पंख्याने ज्योत टिकेना, पंखा बंद करायचा तर बटण कुठले ते शिपायालाच ठाऊक, आणि शिपाई नारळ आणायला गेलेला. मग स्वागतगीत, परिचय, सचिवांचे दोन शब्द, प्राचार्यांचे मनोगत. पाहुण्यांच्या परिचयात त्यांच्या संग्रहाचे नाव चुकले. कवी उठला तेव्हा पावणेएक झाला होता आणि एकला मुलींची गावाकडची बस. त्याने दोन कविता वाचल्या. बाहेर पडताना हातात शाल, श्रीफळ आणि पाकीट.

खरी कार्यशाळा नंतर झाली. मी त्याला स्थानकावर सोडायला गेलो तर एक द्वितीय वर्षाची मुलगी मैत्रिणीला घेऊन मागे मागे आली. तिच्याकडे वही होती. एसटीला पाऊण तास होता. कवी सिमेंटच्या बाकावर बसला, माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि एक कविता त्याने तीनदा वाचली. मग शेवटच्या दोन ओळींवर बारीक रेघ मारून म्हणाला, 'इथे तू घाबरलीस. आधीच संपली होती.' ती मुलगी वाद घालू लागली! वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. मी चहा आणायला गेलो आणि मुद्दाम उशिरा आलो.

पुढे ती लेखिका वगैरे झाली नाही, तलाठी झाली. परंतु चांगले वाचणारी झाली, हे मी खात्रीने सांगतो. पाहुण्या लेखकाचे काम लेखक घडवणे हे नव्हेच, असे माझे मत.

पाचवी_गल्ली

मास्तर _/\_ तो बाक दिसला डोळ्यासमोर.

खोचक

भावनिक झालात सगळे, आता थंड पाणी ओततो. हे जे आयोवा-आयोवा चाललंय ते शीतयुद्धाचं पिल्लू आहे. एंगल यांनी १९६७ मध्ये फारफील्ड फाउंडेशनकडून पैसे घेतले आणि ती संस्था म्हणजे सीआयएचा मुखवटा होता. नंतर बराचसा खर्च अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून. तिसऱ्या जगातले लेखक बोलवा, मका दाखवा, चांगले वागा, म्हणजे परत जाऊन ते अमेरिकेबद्दल बरं बोलतील. फुकट काही नसतं, ताई.

नदीकाठ

@खोचक, फारफील्डचं खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. एंगल पैसे कुणाकडेही मागत. कारखानदार, विमा कंपन्या, फाउंडेशनं, सरकार. जवळच्याच सीडर रॅपिड्सचे ते, उद्योगपतींच्या बायकांपासून सगळ्यांना गळ घालायचे.

पण दुसरी बाजू बघा. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं त्या ह्वालिंग निए चीनमध्ये जन्मल्या, १९४९ मध्ये तैवानला गेल्या. तिथे त्या ज्या नियतकालिकात काम करत ते सरकारने १९६० मध्ये बंद पाडलं, संपादकाला तुरुंगात टाकलं, यांच्यावर पाळत ठेवली. पुढे त्या इथे आल्या, आणि एंगलना ही कल्पना त्यांनी नदीत होडीतून फिरताना सुचवली असं सांगतात. १९७९ मध्ये त्यांनी चीन, तैवान आणि हाँगकाँगचे लेखक एका खोलीत आणले. तीस वर्षं हे लोक एकमेकांची पुस्तकं उघडपणे वाचू शकत नव्हते. परराष्ट्र खात्याच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात बसलं असेल मला ठाऊक नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, नव्व्याण्णवाव्या वर्षी.

आणि सरकारच्या पैशाचं म्हणाल तर ती बाजू आता निकालात निघालीये. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर परराष्ट्र खात्याने अनुदानं तडकाफडकी थांबवली, सुमारे दहा लाख डॉलर. उन्हाळ्यातला तरुण मुलांचा कार्यक्रम रद्द झाला. शरदातले पाहुणे घटले, कारण निम्म्याच्या आसपास लेखक त्या पैशावर येत होते.

खोचक

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. ज्याच्या खिशातून येतं तो कधीही खिसा शिवतो.

तिसरा_बाक

@खोचक, इथे मात्र सहमत. आपल्याकडेही तेच. साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानावर किती जणांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याला नावं ठेवणाऱ्यांनीही घेतलंय. सरकारी पैसा वाईट नसतो, बेभरवशाचा असतो.

पर्वरीकर

धागा उशिरा पाहिला. गोव्याचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही?

गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, पाहुण्या प्राध्यापकांची अध्यासनं आहेत. डी. डी. कोसंबी यांच्या नावाने, मारिओ मिरांडा यांच्या नावाने चित्रकलेचं आणि बाकीबाब बोरकरांच्या नावाने तौलनिक साहित्याचं. राज्य सरकारचं पाठबळ आहे. मुख्य सोय अशी की पाहुण्याचा अभ्यासक्रम फक्त विद्यार्थ्यांपुरता नसतो. नाव नोंदवून बाहेरचा माणूसही बसतो. मी स्वतः बँकेतून निवृत्त होऊन एका अभ्यासक्रमाला बसलो. शेजारी एक शाळामास्तरीण, पुढे एम. ए.ची पोरं, मागे एक फादर. पाहुण्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की मी भाषण करणार नाही, उद्या हे पंधरा पानांचं वाचून या. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक आले नाहीत. जे आले त्यांच्यात खरी चर्चा झाली, आणि फादरनी सगळ्यांची फिरकी घेतली ती वेगळीच.

तेव्हा नदीकाठताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर : दार उघडं ठेवा आणि वाचून यायला सांगा. दोन्हीला खर्च नाही.

निवृत्त_मास्तर

पर्वरीकर, अगदी. 'दार उघडे' ही परंपरा आपल्याकडे आहेच. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. विद्यापीठांची बहिःशाल मंडळे गावोगाव वक्ते पाठवत आली आहेत. मी स्वतः बहिःशालसाठी अनेक गावे फिरलो. परंतु हे सगळे व्याख्यान आहे. वक्ता बोलणार, गाव ऐकणार. लेखक स्वतःचे लिहिलेले वाचतो आहे आणि श्रोते त्यावर त्याला विचारताहेत, ही सवय आपल्याला लागलीच नाही. कवीला आपण गाऊन दाखवायला सांगतो आणि कथाकाराला कथाकथन करायला. जो पाठ करून रंगवून सांगतो तो मोठा. जो चष्मा लावून पुस्तकातून नीट वाचतो त्याच्या वेळी लोक पाणी प्यायला उठतात.

अर्धवट_कविता

मी एम. ए. मराठी, पहिलं वर्ष. थोडं आतल्या गोटातून सांगते.

आमच्याकडे मागच्या सत्रात तीन दिवसांची 'सर्जनशील लेखन कार्यशाळा' झाली. कुठे ते सांगत नाही, मला पास व्हायचंय. पहिला दिवस उद्घाटन. दुसरा दिवस 'कथेचे घटक', पीपीटीवर. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं. तीन दिवसांत आम्ही एकही ओळ लिहिली नाही! साठ जण होतो, लिहिलं असतं तरी वाचणार कोण. पाहुणे लेखक खरंच चांगले होते, जेवताना आमच्या टेबलावर येऊन बसले आणि कोण काय वाचतंय विचारलं. पण तेवढ्यात सर आले आणि त्यांना आत गेस्टच्या पंगतीत घेऊन गेले.

आणि एक विचारायचं होतं, आयोवाला आपल्याकडून कोणाला जाता येतं का? मला नाही, म्हणजे आत्ता नाही. :P

नदीकाठ

@अर्धवट_कविता, तू लिहिलंस ते वाचून हसू का रडू कळेना.

जाण्याबद्दल : पाहुण्यांच्या कार्यक्रमासाठी आधी पुस्तक किंवा बरंच छापून आलेलं लेखन लागतं, आणि चर्चेत भाग घेता येईल इतपत इंग्रजी. वर्षानुवर्षं बहुतेकांची निवड त्या त्या देशातल्या अमेरिकी वकिलातीमार्फत होत आली. अनुदान गेल्यापासून गणित बदललंय, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर ताजं काय ते बघ. पण तुला आत्ता उपयोगाचं असं सांगते : शुक्रवारच्या चर्चासत्रांसाठी लेखक जी छोटी टिपणं लिहितात ती त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. वाचनांची ध्वनिमुद्रणंही विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी कविता-कथालेखनाचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही काढले होते.

अजून एक प्रकार सांगायचा राहिला. अनुवादाच्या कार्यशाळेत पाहुणा लेखक आणि इथला विद्यार्थी अशी जोडी लावतात. विद्यार्थ्याला ती भाषा येतेच असं नाही. लेखक कच्चा इंग्रजी खर्डा करतो, विद्यार्थी त्याला वाक्यागणिक छळतो : हा माणूस दारात उभा आहे की उंबऱ्याच्या आत, पाऊस आधी आला की बैल आधी आले, ही आत्या सवाष्ण आहे की विधवा. लेखकाने स्वतःच्या कथेत या गोष्टी कधी ठरवलेल्याच नसतात! माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी सांगत होती की तिच्या जोडीदाराने तिसऱ्या बैठकीनंतर मूळ कथेतच दोन परिच्छेद बदलले. भाषणाने हे होत नाही. ह्याला लागतं एक टेबल आणि दोन माणसं.

पाचवी_गल्ली

हे शेवटचं तर आपल्याकडे उद्या करता येईल. कन्नड-मराठी, कोकणी-मराठी, गुजराती-मराठी. कोल्हापूर, सोलापूरच्या विद्यापीठांना कन्नड लेखक बोलवायला विमानही लागणार नाही.

खोचक

विमान लागणार नाही, पण मंजुरी लागेल. बाहेरच्या राज्यातला पाहुणा म्हटलं की प्रवासभत्त्याच्या नियमांची फाइल उघडते.

निवृत्त_मास्तर

खोचकराव, मी त्या फायली तीस वर्षे हाताळल्या, तेव्हा मलाच सांगू द्या. नुसता गाऱ्हाण्यांचा धागा नको म्हणून एक कच्चा आराखडा मांडतो.

लेखक एकच बोलवावा आणि निदान आठवडाभर ठेवावा. पाच जण एकेक दिवस बोलावण्याच्या खर्चात हे बसते. राहायला विद्यापीठाचे अतिथिगृह असतेच, ते वर्षातले कितीतरी दिवस रिकामे असते. सकाळी त्याला कोणी त्रास द्यायचा नाही, कुलगुरूंनीही नाही. दुपारी बारा विद्यार्थी, त्याहून एकही जास्त नाही, आणि त्या बारांनी आपले लिखाण महिनाभर आधी पाठवलेले असावे. पाहुण्याने ते वाचले नसेल तर मानधन निम्मे. (हे नियमात लिहिता येणार नाही, पण धाक असावा.) एका संध्याकाळी गावातल्या वाचनालयात जाहीर वाचन, सभागृहात नव्हे. हार नाही. परिचय विद्यार्थ्याने करून द्यावा आणि त्याने लेखकाचे किमान एक पुस्तक वाचलेले असावे.

अडचण मानधनाची नाही, ते कसेबसे मिळते. अडचण ही की आठवडाभर विद्यापीठात असलेल्या माणसाला आठवडाभर मोकळे सोडायचे, हे प्रशासनाला समजत नाही. 'त्यांचा आज कार्यक्रम काय?' असे दर तासाला विचारतात. मग कोणी सकाळी बीएड महाविद्यालयात नेतो, कोणी दुपारी वृक्षारोपणाला.

तिसरा_बाक

बारा कोण निवडणार? विभागप्रमुखांचे लाडके.

निवृत्त_मास्तर

नावे झाकून निवड करायची. नाव मागच्या पानावर. दहावीच्या बोर्डाला जमते ते आपल्याला का जमू नये?

तिसरा_बाक

ठीक आहे, यावर मी पण सही करेन. पण लिहायला शिकवता येतं हे अजून मान्य केलेलं नाही, नोंद असावी.

पर्वरीकर

मास्तरांच्या आराखड्यात एकच भर. त्या आठवड्यात पाहुण्याची पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवीत. साधी गोष्ट वाटते, पण मी बसलो होतो त्या अभ्यासक्रमाच्या आधी ग्रंथपालबाईंनी पाहुण्याची सगळी पुस्तकं दाराजवळ मांडून ठेवली होती आणि पंधरा दिवसांत एकही जागेवर राहिलं नाही. आणि विक्रीसाठी एक विक्रेता बोलवा. लेखकाला शालीपेक्षा पंचवीस प्रती खपलेल्या जास्त आवडतात.

अर्धवट_कविता

नदीकाठताई, ती टिपणं सापडली, रात्री तीनपर्यंत वाचत बसले. दोन-तीन आमच्या ग्रुपवर टाकली. आम्ही सात जण शनिवारी विभागाच्या मागच्या कट्ट्यावर बसतोय, प्रत्येकाने दोन पानं आणायची. पाहुणा नाहीये अजून. मास्तर, तुम्ही नेमके कुठे राहता?

निवृत्त_मास्तर

औरंगपुऱ्यात. म्हणजे छत्रपती संभाजीनगर. पण आधी दोन पानं पाठव, वाचल्याशिवाय मी येत नसतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खोचक

प्रवासभत्ता मागा मास्तर.